सोमजाईच्या राईचा कौल

आगरदांड्याच्या धक्क्यापासून आत, डोंगराच्या अंगाला, सुपेकोंड नावाची वाडी आहे. त्या वाडीतील बाळाजी शिगवण याच्या घराण्याकडे सोमजाई देवीची सेवा पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. बाळाजीच्या हयातीतच ती त्याच्या हातून गेली. ती का गेली, हे बाहेरचे लोक निरनिराळ्या प्रकारे सांगतात. कोणी म्हणतात, म्हाताऱ्याला भ्रम झाला. कोणी म्हणतात, त्याने भर सभेत देवीचा अपमान केला. प्रत्यक्षात जे घडले ते असे.

सोमजाईचे ठाणे वाडीच्या वर, राईतल्या एका लहान देवळात होते. राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण अशी तेथील झाडे; त्यांच्या बुंध्याला एका माणसाची कवळ पुरत नसे. रोपांची जमीन भाजायला, भाताच्या राबासाठी, लोक साऱ्या डोंगरावरच्या फांद्या तोडून आणीत, पण राईतील वाळकी काटकीसुद्धा कोणाच्या चुलीत जात नसे. राईच्या खालच्या टोकाला एका जुन्या जांभळाच्या मुळांतून झरा वाहत होता. त्याखाली दगडाची डोणी बसवलेली होती. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होत, पण सुपेकोंडची डोणी वैशाखातही काठोकाठ भरलेली असे. दुसरा एक लहान झरा वरच्या राईत होता. त्याच्याकडे तेव्हा कोणी जात नसे, कारण जाण्याची गरजच पडत नव्हती.

लग्न जुळवायचे असो, बांधाचे भांडण मिटवायचे असो, कोणतीही मोठी गोष्ट करण्यापूर्वी वाडी देवीचा कौल घेत असे. देवी म्हणजे एक काळा पाषाण. बाळाजी त्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवी, गाऱ्हाणे घाली आणि मागे सरून हात जोडून बसे. उजवी पाकळी आधी गळली तर देवीचा होकार. डावी गळली तर नकार. कधी पाकळी चटकन गळे, कधी ऊन डोक्यावर येई. तोवर कोणी तंबाखूही मळायची नाही, असा दंडक होता. झाडाविषयीचा कौल असेल तर आणखी एक रीत पाळली जाई. होकार आल्यास पहिला घाव कौल घेणाऱ्यानेच घालायचा. ज्याने देवीला विचारले, त्यानेच त्या तोडीचा भार आपल्या हातावर घ्यायचा.

बाळाजीला हा भार ठाऊक होता, म्हणून त्याने कधी कौलाची घाई केली नाही. तो भाताची शेती करी आणि सकाळ-संध्याकाळ राईत जाई. त्याला मूलबाळ नव्हते. बायको लवकर वारली. भाऊ आणि भावजयही एकामागोमाग गेली, तेव्हा त्यांचा लहानगा गणराज बाळाजीने घरी आणला आणि स्वतःच्या पोरासारखा वाढवला. त्याच्या आजारपणात त्याला पाठीवर घेऊन तो मुरुडच्या दवाखान्यापर्यंत गेला होता. घरात बोलायला मोठे माणूस नसल्यामुळे बाळाजीला देवीशी बोलण्याची सवय लागली. पाषाण धूत असता तो तिला भाताची, गुरांची, गणराजच्या खोड्यांची सारी हकिकत सांगे. लोक हसत. त्याच्या शेजारची चुलतबहीण मनुबाई म्हणे, "बाळाजी, तिला बी जरा बोलू दे की रं! तूच सारा वेळ खातोस."

गणराज मोठा झाला, त्याचे लग्न झाले. साक्षी ही त्याची बायको पालीकडची, कमी बोलणारी आणि कामाला वाघ. गणराजने वाडीच्या पायथ्याशी नारळ-पोफळीची बाग उभी केली. ती फळाला आली आणि त्याच सुमारास ते मोठे चक्रीवादळ किनाऱ्यावर चालून आले. एका दुपारात माडांच्या माना मुरगळल्या आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. गणराजच्या बागेत उभे असे काही राहिले नाही. मात्र राईच्या आडोशाला असलेल्या घरांचे दोन-चार पत्रे उडाले, त्यापलीकडे काही झाले नाही. वारा राईवर आदळला, राईने तो अंगावर घेतला. हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच पुढे जे झाले त्याचा अधिक अचंबा वाटतो.

वादळानंतरच्या हिवाळ्यात विनेश नावाचा गृहस्थ गाडी घेऊन आला. तो पनवेलकडचा, एका तेल कंपनीचा माणूस. त्याने देवळासमोर लोकांना बसवले, घरोघरी तेलाची एकेक पिशवी वाटली आणि एका झाडाचे रंगीत चित्र दाखवले.

"हा तेलमाड," तो म्हणाला. "तुमच्या नारळाचाच भाऊ समजा. भजी, फरसाण, बिस्कीट, साबण, सगळ्यात याचंच तेल. आपल्या देशाला ते बाहेरून आणावं लागतं. आणि काका, तिकडे परदेशात या तेलापायी जंगलंच्या जंगलं जाळतात. तो धूर इकडं आभाळात येतो, समुद्र तापतो, मग असली वादळं होतात. आपण आपल्याकडे माड लावले तर तिकडचं जंगल वाचेल. एकदम पुण्याचं काम."

"लावायचा कुठं?" मनुबाईने विचारले.

विनेशने राईकडे हात केला. "ही जमीन सामाईक आहे, उताराची आहे, पाण्याची आहे. खालची अर्धी राई दिलीत तरी पुष्कळ."

"म्हंजे तिकडचं जंगाल वाचवायला हिकडचं तोडायचं?"

"मावशी, तोडायचं कुठं? झाडाच्या जागी झाडच येणार ना! हिरवंच राहणार सगळं."

लोक हसले, पण चित्रातले झाड त्यांच्या मनात बसले. किनाऱ्यावरच्या माणसाचा माडावर जेवढा विश्वास असतो तेवढा सख्ख्या भावावर नसतो. माड कधी कोणाला उपाशी ठेवीत नाही. त्याचे पान, करवंटी, काथ्याचे सोडण, सारे कामाला येते. ज्याला माडाचा भाऊ म्हटले, तोही माडासारखाच वागेल, असे लोकांनी मनाशी धरले. बाळाजीलाही विनेशच्या बोलण्यातील एक गोष्ट पटली होती. दूर देशी, आपण कधी पाहणार नाही अशा लोकांच्या रानाला आग लागते आहे आणि ती विझवण्यात आपला हात लागणार आहे, हे त्याला खरोखर धर्माचे काम वाटले. तरीही राई द्यावी असे त्याचे मन म्हणेना.

गणराजचे मात्र ठरलेले होते. "काका, माझी बाग गेली. मी काय राईकडं बघत जन्म काढू?"

"राईनंच आपलं घर राखलं, पोरा."

"तर मंग देवीलाच इचार. तिनं न्हाय म्हटलं तर मी परत शब्द काढणार न्हाय."

असे ठरल्यावर कोणाला काही बोलायचे राहिले नाही. कौल घेण्याची तिथी निघाली. कौल घेणारा आदल्या दिवसापासून उपाशी असतो आणि देवीचे स्नान त्याच्या घरातील दुसऱ्या पुरुषाने घालायचे असते. ते काम गणराजचे होते. त्याने पहाटे जाऊन पाषाण धुतला. सकाळी वाडी जमली. बाळाजीने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बाय सोमजाई, लेकरं तुझ्या दारात आल्यात. तुझंच रान हाय, तुझाच सबूद हाय. काय असंल ते सांग."

तो मागे सरून नीट बसलाही नव्हता, तोच उजवी पाकळी घसरली आणि खाली पडली.

इतक्या लवकर देवी कधी बोलली नव्हती. लोकांनी आनंदाने आरोळी दिली. बाळाजीला नकाराची आशा होती. पण कौल हा कौल होता. त्याने कुऱ्हाड हाती घेतली आणि जांभळावर पहिला घाव घातला. साल फाटली, आतील लाल लाकूड दिसले. मनुबाईने तोंड फिरवले. पुढचे काम कंपनीच्या माणसांनी यंत्राने केले. मोठे ओंडके गाड्यांत गेले. उरलेल्या फांद्या, वेली, मुळे आणि राईच्या जमिनीवरचा वीतभर जाड पाचोळा जागच्या जागी पेटवून देण्यात आला. कित्येक दिवस खाडीवर धूर लोंबत होता. झाडांनी पिढ्यान् पिढ्या जे आपल्या अंगात साठवून ठेवले होते, ते असे पाहता पाहता आभाळात गेले. विनेशने ज्या धुराविषयी सांगितले होते, तोच धूर आता सुपेकोंडमधून निघत होता. पण ही गोष्ट तेव्हा कोणी बोलून दाखवली नाही.

रोपे आली. लोकांनी नारळासाठी खणतात तसे खड्डे खणले आणि नारळाला घालतात तसे त्यांच्या तळाशी मीठ व राख घातली. माडाच्या भावाला माडासारखेच वागवायचे, एवढेच त्यांना ठाऊक. काही रोपांची पाने करपली. कंपनीचा माणूस डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे, हे काय केलंत? याला मीठ नको, पाणी हवं, रोजच्या रोज हवं." मग झऱ्याच्या तोंडाला नळी बसली आणि डोणीतले पाणी रोपांकडे वळले.

दुसऱ्या उन्हाळ्यात डोणी अर्धी झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात झऱ्याच्या तोंडाशी नुसती ओल राहिली, आणि पुढे तीही गेली. ज्या पाचोळ्यात पावसाचे पाणी मुरत होते तो पाचोळाच राहिला नव्हता, तर झऱ्याने पाणी आणायचे कोठून? बायका हंडे घेऊन वरच्या राईतील लहान झऱ्यावर जाऊ लागल्या. उन्हाचा ताप वाढला. पूर्वी देवळाकडे जाताना राईच्या तोंडाशी अंगावर गारवा येई. आता त्याच वाटेवर डोके तापत असे. पाऊसही पूर्वीसारखा सावकाश पडत नव्हता. तो अडून राही आणि एकदम ओतला जाई. अशाच एका श्रावणात, तेलमाडांच्या दोन रांगांमधली उघडी जमीन रात्रभरच्या पावसात सुटली आणि चिखल खालच्या भातखाचरांवर येऊन बसला. त्यातले अधिक नुकसान बाळाजीच्याच खाचराचे झाले.

"तिकडचं जंगाल वाचलं का रं, बाळाजी?" मनुबाई चिखलातून दगड वेचता वेचता म्हणाली. तिने ते थट्टेने म्हटले नव्हते.

बाळाजी दगड बांधावर रचत राहिला. त्याच्या मनात एकच सल होता, आणि तो कोणाजवळ बोलण्यासारखा नव्हता. कंपनीने फसवले असते तर त्याला एवढे लागले नसते. कंपनी परकी. पण होकार देवीने दिला होता. तिच्याच पायांशी उगम पावणारा झरा, तिनेच राखलेली झाडे, आणि तिनेच पाकळी टाकली. जन्मभर तिची सेवा केलेल्या माणसाच्या हातून तिने स्वतःच्या रानावर घाव घालून घेतला. का? त्याने देवीशी बोलणे सोडले. सेवा चालू होती. पाषाण धुतला जाई, दिवा लागे, पण तोंडातून शब्द निघत नसे. एकदाच, दिव्यात वात घालताना, तो म्हणाला, "तू मला फसवलंस, बाय." आणि वात पेटवून बाहेर आला.

तेलमाडांना घड धरू लागले. लालभडक, काटेरी, वजनदार घड. ते उतरवले की एक-दोन दिवसांत घाण्यावर पोहोचवावे लागतात, नाहीतर तेल बिघडते, हे लोकांना तेव्हा कळले. घाणा जवळपास कोठेच नव्हता. कंपनीची गाडी पहिल्या हंगामात आली, नंतर येता येता थांबली. घड बांधावर कुजू लागले. नारळ महिनाभर अंगणात पडला तरी चालतो. हे फळ तसे नव्हते. घरी त्याचे तेल काढता येईना, करवंटी नाही, सोडण नाही. गुरेही त्याला तोंड लावीनात.

अशा वेळी, गेल्या फाल्गुनात, विनेश पुन्हा आला. या खेपेला त्याने पिशव्या आणल्या नव्हत्या.

"ऐका ना, प्रॉब्लेम एवढाच आहे, तुमची लागवड कमी पडते," तो म्हणाला. "एवढ्याशा मालासाठी कंपनी घाणा उभारत नाही. वरची राईपण दिलीत तर इथं जवळच घाणा येईल. मग तुमचा एक घड वाया जाणार नाही."

"आणि पाणी?" मनुबाईने विचारले. "वरचा झरा गेला तर आमी काय तुझ्या कंपनीचं तेल प्यायचं?"

"मावशी, तुम्ही लगेच शेवटाला जाता! बोअर मारून देऊ ना."

"आनि परदेशातली जंगलं? ती वाचली व्हय?"

विनेश थोडा हसला. "तिकडे अजून वाढतंच आहे काम. मागणीच एवढी आहे, काय करणार?"

हे ऐकून बाळाजी उठून गेला. पण गावकीत पुन्हा दोन तट पडले. ज्यांचे घड कुजत होते त्यांना वाटे, अर्धे दिलेच आहे, आता उरलेले देऊन निदान पहिले तरी सावरावे. शेवटी नेहमीप्रमाणे ठरले: देवीला विचारायचे. वरची राई म्हणजे सुपेकोंडच्या पिण्याचे शेवटचे पाणी. ते राहणार की जाणार, हे आता दोन पाकळ्यांवर येऊन थांबले.

कौलाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी बाळाजी पडवीत भाकरी खात होता. गणराज त्याच्या समोर येऊन बसला. साक्षी आत पाणी गाळीत होती.

"काका, ह्या बारीला तुझा इचार काय?"

"माझा कसला इचार? ती सांगंल ते."

"ती काय सांगंल?"

"मागल्या बारीला तिनं राई तोड म्हटलं. आता बी तसंच म्हणंल. तिला आमची चाड ऱ्हायली न्हाय."

गणराज हसला. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, आणि तेच पुढे बाळाजीला फार झोंबत राहिले. लहानपणी आंबा चोरून खाल्ल्यावर तो जसा हसे, तसाच हसला.

"काका, तू किती साधा हायस! मागल्या बारीला तिनं कुठं काय म्हटलं? पहाटं अंघोळ घालताना उजव्या अंगाला मीच त्या पिशवीतलं तेल चोळलं. काळा दगूड, तसाच चकाकतो. कुनाला काय समजनार? तेलावर पाकळी टिकती व्हय?"

बाळाजीने हातातील भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"आता ह्या बारीला तूच जरा बघून लाव," गणराज पुढे म्हणाला. "तेल नको, मानसं आता जवळून बघतात. डावी पाकळी नीट दाबून लाव, आनि उजवी जरा सुकी. येवढंच. घाणा आला म्हंजे आपलं साऱ्यांचं भलं व्हईल. मी काय माझ्या येकट्यासाठी सांगतो का?"

"तू तेल लावलंस?" बाळाजीने विचारले.

"अरे, पाच वर्सं झाली! आता काय त्याचं?"

आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला. साक्षी दाराशी आली होती. "ह्ये तुमी मला बी सांगितलं व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मला वाटलं, तुमी मस्करी करता."

गणराज तिच्यावर डाफरला आणि निघून गेला. बाळाजीने ताट बाजूला सारले. ज्या पोराला त्याने पाठीवर वाहिले, त्यानेच त्याच्या हातात कुऱ्हाड दिली होती. आणि ज्या देवीवर त्याने पाच वर्षे रोष धरला, ती तर काही बोललीच नव्हती; तिला कोणी बोलूच दिले नव्हते. मग तो उठला आणि राईत गेला. पण पाषाणासमोर उभे राहूनही त्याला क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही.

त्याला एक सोपी वाट दिसत होती. डावी पाकळी आपणच सैल लावावी आणि राई वाचवावी. कोणाला कळले नसते, वाडीचे पाणी राहिले असते, घराची अब्रूही राहिली असती. दोन दिवस तो त्याच विचारात होता. हेतू चांगला होता, हे त्याला ठाऊक होते. पण गणराजनेही आपला हेतू चांगलाच म्हणून सांगितला होता. देवीच्या तोंडून आपले बोलणे वदवून घेणारा एक माणूस घरात होता, तेवढा पुरे झाला, असे बाळाजीने शेवटी ठरवले.

कौलाच्या सकाळी साऱ्या वाडीसमोर त्याने पाकळ्यांचे तबक बाजूला ठेवले. चिंच आणि राख घेऊन तो पाषाण घासू लागला. लोक एकमेकांकडे पाहू लागले, कारण स्नान पहाटेच झालेले होते.

"काय करतोस रं, बाळाजी?" गावकीच्या पुढाऱ्याने विचारले.

बाळाजीने हात न थांबवता सांगितले. मागल्या कौलाच्या वेळी उजव्या अंगाला तेल होते, हे सांगितले. ते कोणी लावले, हेही सांगितले. त्याचा आवाज चढला नाही.

मग गणराज उभा राहिला. "काकाचं वय झालंय," तो म्हणाला. "हल्ली त्येला कायबाय भास व्हतात. देवीशी भांडतो म्हनं. राई देयाची न्हाय म्हनून पुतन्यावर आळ घेतो. मी का असं करीन?"

बाळाजीने पुतण्याकडे पाहिले. तेल लावले हे त्याने एक वेळ सोसले असते. पण आपल्याला सांगितलेली गोष्ट चारचौघांत नाकारून तो आपल्यालाच वेडा ठरवील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

बायकांच्या घोळक्यातून साक्षी पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. "मामंजी खरं बोलतात," ती म्हणाली. "ह्यांनी मला बी तसंच सांगितलं. परवा पडवीत मामंजींना सांगितलं, ते मी कानांनी ऐकलं."

"तू गप ऱ्हा!" गणराज ओरडला.

"हंडा मी आनते," ती म्हणाली. "गप कशी ऱ्हाऊ?"

मग एकच गदारोळ उठला. कोणी गणराजच्या अंगावर धावून गेला, कोणी मध्ये पडला. कौल पाहायला आलेला विनेश गाडीकडे सरकू लागला, तेव्हा मनुबाई म्हणाली, "बस की सायब! च्या पिऊन जा. तुझंच तेल व्हतं, न्हवं?" गोंधळातून पुढाऱ्याचा आवाज आला, "झालं ते झालं. आता दगूड धुतला हाय. बाळाजी, खरा कौल लाव."

"मी लावणार न्हाय," बाळाजी म्हणाला. "राई देयाची का न्हाय, ते तुमच्या पोटात हाय. ते तुमी तुमच्या तोंडानं बोला. जो देतो म्हणंल, त्यानं आपलं नाव घेऊन म्हणावं आनि कुराड बी त्यानंच धरावी. देवीला मधी घालू नका."

"पन आजवर तर मधी घातलीच ना?" हा मनुबाईचा आवाज होता, आणि तो नेहमीसारखा नव्हता. "माझ्या पोरीची सोयरीक कौलानं मोडलीस तू. चांगलं घर व्हतं त्ये. पुढं तिचं काय झालं, तुला ठाव हाय. तवा तेल कुनी लावलं व्हतं?"

"तवा गणराज ल्हान व्हता, मनू. तवा कुनी..."

"तो ल्हान व्हता. बाकीची मोठीच व्हती की."

बाळाजीचा हात शपथेसाठी पाषाणाकडे गेला आणि मागे आला. शपथ घ्यावी, तर ती ज्या देवीची घ्यायची तिच्याच समोर हे सारे चालले होते. त्याने कधी पाकळीला हात लावला नव्हता, हे खरे होते. पण ते खरे आहे हे दाखवायला त्याच्याजवळ आता काही उरले नव्हते. बांधाचे तंटे कौलाने सुटलेले, वाटण्या कौलाने झालेल्या. प्रत्येक जण आपापला जुना कौल आठवू लागला होता.

त्या दिवशी राईचा निर्णय मात्र झाला. मनुबाईने पहिल्यांदा आपले नाव घेऊन सांगितले की ती देत नाही. साक्षीने सांगितले. मग एकेक करून लोक बोलू लागले. ज्यांना राई द्यायची होती त्यांच्यापैकी कोणाला आपले नाव उच्चारून "मी तोडतो" असे म्हणवेना. गणराजनेही म्हटले नाही. दुपारी विनेश गेला, तो पुन्हा आला नाही. वरची राई उभी आहे आणि तिचा झरा, बारीक का होईना, वाहतो आहे.

गणराज त्याच आठवड्यात उरणकडे गाडी चालवायला गेला. जाताना तो काकाच्या पाया पडला नाही, आणि बाळाजीनेही त्याला हाक मारली नाही. साक्षी मात्र त्याच घरी राहिली.

पुढे गावकी बसली. वाडीला कौलावाचून चालत नव्हते. ज्या घरात देवीला तेल लागले त्या घराकडे सेवा ठेवणे बरे नाही, आणि जो स्वतः कौल लावायला नाही म्हणतो त्याच्याकडे तर मुळीच नाही, असे ठरले. कोणी कठोर शब्द बोलले नाही. देवीची शुद्धी करण्यात आली आणि दुसऱ्या भावकीतील बाबाजीकडे सेवा देण्यात आली. बाळाजीने देवळाची चावी आणि तबक त्याच्या हाती दिले, पाकळ्या कोणत्या झाडाच्या चांगल्या चिकटतात हे समजावून सांगितले आणि तो घरी आला. ज्या लोकांसाठी त्याने घर फोडले, त्यांना त्याचे खरे बोलणे हवे होते. तो माणूस मात्र नको होता.

वैशाखात नव्या विहिरीची जागा ठरवण्यासाठी पहिल्यांदाच बाबाजीने कौल लावला. बाळाजी देवळाच्या अंगणात, साऱ्यांच्या मागे, मनुबाईजवळ उभा होता. त्या भांडणानंतर ती त्याच्याशी फारशी बोलत नव्हती, पण जागा करून देण्यासाठी थोडी सरकली. बाबाजीने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले आणि तो मागे सरून बसला. सारी वाडी हात जोडून पाषाणाकडे पाहू लागली.

"हात जोड की," मनुबाई हळूच म्हणाली. "कुठं बघतोस?"

बाळाजीने हात जोडले. पण त्याची नजर देवीकडे गेली नाही. ती बाबाजीच्या बोटांवर खिळली होती. ती बोटे कोरडी आहेत की चकाकताहेत, हे त्याला इतक्या लांबून दिसत नव्हते.